धूर, प्लग आणि लॅम्डा : मोटारीतल्या एका छोट्या साक्षीदाराचा इतिहास

१/
१५ एप्रिल १९९४. यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंदमापी मार्गावर सत्तर वर्षे धावलेले वाफेचे इंजिन त्या दिवशी निवृत्त झाले आणि ‘शकुंतला’ डिझेलवर धावू लागली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९५ मध्ये, देशाच्या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही असे वाटेल. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच जुना प्रश्न आहे : इंजिनात हवा आणि इंधन यांचा मेळ बरोबर जमला आहे की नाही, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे?

२/
आज यवतमाळच्या आर्णी रोडवरून जाणाऱ्या कुठल्याही पेट्रोल मोटारीत या प्रश्नाचे उत्तर अंगठ्याएवढा एक तुकडा देतो. त्याला ऑक्सिजन सेन्सर किंवा लॅम्डा सेन्सर म्हणतात. तो बिघडला, की चालकासमोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि घरात चर्चा सुरू होते : नुसता सेन्सर बदलायचा की मोठा खर्च निघाला? हा धागा त्या तुकड्याचा इतिहास सांगतो. आणि त्याची साक्ष तपासायची कशी, हेही.

३/
प्रारंभ शकुंतलेपासून. यवतमाळ–मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा मार्ग १९०३ मध्ये सुरू झाला. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीसाठी त्याची व्यवस्था किलिक, निक्सन आणि कंपनी पाहत असे. हेतू उघड होता : वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या रुंद रुळांपर्यंत, तेथून मुंबई बंदरापर्यंत आणि पुढे इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचवणे. १९२१ मध्ये बांधलेले आणि १९२३ पासून या मार्गावर राबलेले इंजिनही मँचेस्टरहूनच आले होते. कापूस ज्या दिशेने जात होता, त्याच दिशेने यंत्र आले.

४/
या इंजिनात विजेवर चालणारा एकही सेन्सर नव्हता. वाफेचा दाब दाखवणारी तबकडी आणि बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी, एवढीच मोजमापे. बाकी सारे धुराच्या रंगावर. चिमणीतून काळा, दाट धूर निघाला, तर भट्टीत कोळसा जास्त आणि हवा कमी. धूर अजिबात दिसेना, तर हवा बहुधा गरजेपेक्षा जास्त आणि उष्णता वाया. फिकट करडा धूर म्हणजे मेळ जमला. वाफेच्या इंजिनाचा फायरमन वाकून भट्टीत पाही आणि मान वर करून चिमणीकडे. सेन्सर म्हणजे त्याचेच डोळे.

५/
रस्त्यावरच्या मोटारींची स्थिती फारशी वेगळी नव्हती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने जी मोटार बाहेर पडली, तिने महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना कुटुंबासह प्रवास शिकवला. तिच्या इंजिनाला पेट्रोल पाजण्याचे काम कार्ब्युरेटर करी : हवेचा झोत निमुळत्या नळीतून जाताना बारीक छिद्रातून पेट्रोल ओढून घेई. प्रमाण ठरे ते छिद्राच्या मापाने आणि मिस्त्रीच्या स्क्रू-ड्रायव्हरने.

६/
तालुक्याच्या गावातला मिस्त्री तो स्क्रू कानाने फिरवी. इंजिन संथ चालू ठेवायचे, स्क्रू आत घ्यायचा, आवाज अडखळू लागला की किंचित बाहेर, आणि ठोके एकसारखे झाले की थांबायचे. मग स्पार्क प्लग काढून पाहायचा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरके, भाजल्यासारखे असेल तर हवा जास्त. ‘गाडी वढून नाही राह्यली जी’ एवढ्या तक्रारीवरून निदान करणारे हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते उस्तादाकडून चेल्याकडे, हाताखाली काम करताना जाई.

७/
मात्र या ज्ञानाची एक मर्यादा होती आणि ती मान्य केली पाहिजे. कानाला इंजिनाचा सुरळीतपणा कळतो. नळीतून बाहेर काय पडते ते कळत नाही. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. थोडे जास्त पेट्रोल पिणारे इंजिन तर अधिकच गोड चालते. म्हणजे मिस्त्रीने उत्तम जुळवलेली मोटारसुद्धा शेजाऱ्याच्या फुप्फुसांसाठी घातक असू शकत होती. सेन्सरचा जन्म मिस्त्रीला हटवण्यासाठी झाला नाही. जे कोणत्याही मिस्त्रीला ऐकू येणे शक्य नव्हते, ते मोजण्यासाठी तो झाला.

८/
ही गोष्ट प्रथम लॉस एंजेलिसमध्ये उघड झाली. जुलै १९४३ मध्ये त्या शहरावर डोळे झोंबवणारे धुके इतके दाटले, की काहींना तो शत्रूचा वायुहल्ला वाटला. पुढे आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले, की मोटारींच्या व कारखान्यांच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके तयार होते. १९७० मध्ये अमेरिकेने स्वच्छ हवेचा कायदा कठोर केला आणि मोटारींतून निघणारे मुख्य विषारी वायू सुमारे ९० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य उद्योगापुढे ठेवले.

९/
उपाय सापडला तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. प्लॅटिनम गटातील धातूंचा लेप दिलेल्या जाळीतून धूर गेला, की विषारी वायूंचे रूपांतर कार्बन डायऑक्साईड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन यांत होते. परंतु तीनही प्रकारचे विषारी वायू एकाच वेळी नष्ट करायचे, तर एक अट होती : एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा, त्यात फारसा फरक नको. या आदर्श प्रमाणाशी तुलना दाखवण्यासाठी अभियंते ‘लॅम्डा’ हे ग्रीक अक्षर वापरतात. लॅम्डा १ म्हणजे मेळ अचूक. इतका नेमका तोल कार्ब्युरेटरच्या स्क्रूने सतत सांभाळणे शक्यच नव्हते.

१०/
येथे एक जुने संशोधन कामी आले. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये एक समीकरण मांडले होते : दोन बाजूंना एकाच पदार्थाचे प्रमाण वेगवेगळे असेल, तर त्यातून विजेचा दाब निर्माण होतो आणि तो मोजता येतो. १८९७ मध्ये त्यांनी झिरकोनियासारख्या ऑक्साईडांच्या कांडीचा विजेचा दिवा तयार केला. ती कांडी थंड असताना वीज वाहून नेत नसे. आधी तापवावी लागे. नेर्न्स्ट यांना १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे समीकरण आणि त्यांच्या दिव्यातले हे द्रव्य, दोन्ही पुढे मोटारीच्या धुराड्यात एकत्र नांदणार होती.

११/
लॅम्डा सेन्सरची रचना अशी : झिरकोनियाची, बोटाच्या टोपणासारखी पोकळ टोपी. आतल्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा, बाहेरच्या बाजूला इंजिनाचा तप्त धूर. टोपी ३०० अंश सेल्सियसच्या वर तापली, की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील फरक विजेच्या रूपाने व्यक्त होतो. धुरात ऑक्सिजन उरलाच नाही, म्हणजे पेट्रोल जास्त झाले, तर सुमारे ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन शिल्लक राहिला, म्हणजे हवा जास्त झाली, तर सुमारे ०.१ व्होल्ट. मधली सीमारेषा ०.४५ व्होल्टची. इंजिनाचा संगणक हा आकडा वाचून दर क्षणी पेट्रोल किंचित कमी-जास्त करत राहतो.

१२/
जर्मनीच्या बॉश कंपनीने विकसित केलेला हा सेन्सर १९७६ मध्ये स्वीडनच्या व्होल्व्हो मोटारीत प्रथम बसला. ती मोटार अमेरिकी बाजारासाठी होती. शकुंतलेचा फायरमन जे डोळ्यांनी करत होता, तेच काम आता धुरात बुडवलेली एक टोपी करू लागली. फरक इतकाच, की फायरमनला रंग दिसे आणि टोपीला ऑक्सिजन. त्या वर्षी यवतमाळ मार्गावरचे वाफेचे इंजिन अजून पूर्ण सेवेत होते आणि पुढली अठरा वर्षे राहणार होते. एकच प्रश्न, एकाच काळात, दोन ठिकाणी दोन युगांच्या साधनांनी सोडवला जात होता.

१३/
भारतात हा सेन्सर येण्यात पहिला अडथळा पेट्रोलचाच होता. इंजिनाचा ठोका कमी व्हावा म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत. शिसे मेंदूला घातक. शिवाय ते कन्व्हर्टर आणि सेन्सर या दोहोंवर थर धरून त्यांना निकामी करते. म्हणून आधी पेट्रोल शुद्ध होणे भाग होते. १९९५ मध्ये महानगरांत कन्व्हर्टरच्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभरातून शिशाचे पेट्रोल हद्दपार झाले. यवतमाळच्या पंपावर सेन्सरला मानवेल असे पेट्रोल त्यानंतरच निश्चितपणे मिळू लागले.

१४/
दुसरा धक्का न्यायालयांनी दिला. महेशचंद्र मेहता यांच्या १९८५ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी आदेश दिला, की राजधानी परिसरात नव्या खासगी मोटारींची नोंदणी १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ मानकांनुसारच होईल. मुंबईतही १९९९ मध्ये ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ हा नागरिकांचा गट उच्च न्यायालयात गेला. शतकाच्या वळणावर कार्ब्युरेटर मागे पडत गेला आणि घरगुती मोटारींच्या मागच्या काचेवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे प्रतिष्ठेने झळकू लागली. त्या अक्षरांबरोबरच सेन्सर घरोघर पोहोचले.

१५/
देशासाठी दीर्घ धोरण ठरवण्याचे काम २००१ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवण्यात आले. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले, मुंबईत शिकलेले माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. समितीचा अहवाल २००२ मध्ये आला आणि २००३ मध्ये सरकारने त्यावर आधारित धोरण स्वीकारले. कठोर मानके आधी मोठ्या शहरांत आणि काही वर्षांनी उर्वरित देशात, असा तो टप्प्याटप्प्याचा मार्ग होता. कारण व्यावहारिक होते : कमी गंधकाचे इंधन तयार करण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांना वेळ आणि पैसा हवा होता.

१६/
या धोरणाने महाराष्ट्राचे दोन नकाशे तयार केले. भारत-२ मानक मुंबईत २००१ मध्ये आले, यवतमाळात २००५ मध्ये. भारत-३ मुंबई-पुण्यात २००५ मध्ये, यवतमाळात २०१०. भारत-४ मुंबई, पुणे आणि सोलापुरात २०१०, यवतमाळात २०१७. अंतर पाहा : चार वर्षे, मग पाच, मग सात. ते घटण्याऐवजी वाढत गेले. मधल्या काळात पेट्रोलमधील गंधकाची कमाल मर्यादा ५०० भागांवरून (दहा लाखांत) १५० आणि मग ५० वर आली. २०२० मध्ये भारत-६ आले तेव्हा मर्यादा १० झाली आणि मुंबई व यवतमाळ एका तारखेला एका रेषेत उभे राहिले.

१७/
२०१७ ची मार्चअखेर अनेकांना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च रोजी निर्णय दिला, की १ एप्रिलपासून भारत-३ वाहने विकता येणार नाहीत. पुढचे दोन दिवस देशभरातील दुचाकींच्या दालनांत सवलतींची झुंबड उडाली. त्या गर्दीला स्वस्त गाडी दिसत होती. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर छोट्या शहरांतील एका संपूर्ण मानकाचा तो शेवटचा बाजार होता.

१८/
भारत-४ बरोबर २०१० पासून टप्प्याटप्प्याने आणखी एक गोष्ट आली : मोटारीने स्वतःच्या आजाराची नोंद स्वतः ठेवणे. अमेरिकेत १९९६ पासून सर्व मोटारींना लागू झालेल्या पद्धतीशी ती मिळतीजुळती आहे. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडला, की बिघाडाचा सांकेतिक क्रमांक वाचता येतो. यांतील अनेक क्रमांक सर्व कंपन्यांना समान आहेत. काहीशे रुपयांचे ब्लूटूथ ॲडाप्टर आणि मोबाईल असला, तरी ते दिसतात. येथून निदानाचे नवे युग सुरू होते आणि नव्या चुकाही.

१९/
एक प्रसंग कल्पावा. दहा वर्षांची पेट्रोल मोटार, एक शिक्षक कुटुंब, पुसदहून दिग्रस–दारव्हा मार्गे यवतमाळकडे परत येणारे. वाटेत पिवळा दिवा लागतो. गाडी चालते, पण चौकात थांबली की थरथरते. पेट्रोलही जास्त लागते. स्कॅनर सांगतो : पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. ही खबर कोणी दिली? पुढच्या ऑक्सिजन सेन्सरने. लगेच सल्ला मिळतो : सेन्सर गेला, बदलून टाका. काही हजारांचा खर्च होतो आणि आठ दिवसांत दिवा पुन्हा लागतो. चूक कोठे झाली?

२०/
इतिहासाच्या अभ्यासकाला ही चूक ओळखीची वाटावी. बखरीत एखादी गोष्ट लिहिली आहे म्हणून ती तशीच घडली, असे तो मानत नाही. लिहिणारा कोण, त्याला ती गोष्ट कशी कळली, दुसरा पुरावा तिला दुजोरा देतो का, हे तो तपासतो. बिघाडाचा क्रमांक हीसुद्धा केवळ साक्ष आहे. तो निकाल नव्हे. ‘हवा जास्त आहे’ असे सेन्सर म्हणतो, तेव्हा तीन शक्यता असतात : तो खरे बोलत आहे; तो फसवला गेला आहे; किंवा तो स्वतःच आजारी आहे. तिन्हींचा इलाज वेगळा.

२१/
पहिली शक्यता : साक्ष खरी. इंजिनात न मोजलेली हवा खरोखर शिरत असेल. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या जिल्ह्यात रबरी नळ्या कडक होतात, चिरतात. उंदीर त्या कुरतडतात. येथे संगणक किती टक्के जास्त पेट्रोल देत आहे, तो आकडा स्कॅनरवर पाहावा; त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. गाडी उभी असताना आकडा खूप वर आणि इंजिनाचा वेग वाढवला की खाली आला, तर हवेची गळती. उलट, चढावर किंवा भरधाव असताना तो वर गेला, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर संशयित. दोन्ही प्रसंगी सेन्सर बदलणे म्हणजे खरे सांगणाऱ्या साक्षीदारालाच शिक्षा.

२२/
दुसरी शक्यता : साक्षीदार फसवला गेला. धूर सेन्सरपर्यंत पोहोचण्याआधीच मॅनिफोल्डला भेग असेल किंवा गॅस्केट गेले असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि तो प्रामाणिकपणे ‘हवा जास्त’ असे कळवतो. संगणक पेट्रोल वाढवतो. परिणामी इंजिन प्रत्यक्षात पेट्रोलने तुंबते, प्लगवर काजळी धरते. येथे जुना मिस्त्री पुन्हा कामाला येतो : थंड इंजिन सुरू करताना येणारा फट-फट आवाज आणि भेगेभोवतीचा काळा डाग, हे दोन्ही स्कॅनरला दिसत नाहीत. काजळी धरलेला प्लग येथे संगणकाची साक्ष खोडून काढतो.

२३/
तिसरी शक्यता : साक्षीदारच आजारी. नेर्न्स्ट यांच्या दिव्याप्रमाणे सेन्सरलाही आधी तापावे लागते; म्हणून त्यात छोटा हीटर असतो. हीटर जळाला, की साधारणतः पी०१३५ हा वेगळा क्रमांक येतो. मल्टिमीटरने हीटरच्या दोन तारांमधील रोध मोजावा : तो काही ओहमांच्या घरात हवा, अनंत दाखवला तर हीटर गेला. पण त्याआधी कनेक्टर उघडून गंज, वितळलेली तार, उडालेला फ्यूज पाहावा. तार तुटली म्हणून सेन्सर बदलणे हा महागडा उतारा ठरतो.

२४/
सेन्सर जिवंत आहे का, हे त्याला प्रश्न विचारूनच कळते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज पाहावा, तो ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वर-खाली व्हायला हवा. ॲक्सिलरेटर झटक्याने दाबला, तर उत्तर चटकन वर. सोडला, तर खाली. उत्तर मंद आले किंवा आकडा एका जागी गोठला आणि वायरिंग ठीक असेल, तरच सेन्सर दोषी. कन्व्हर्टरनंतरचा मागचा सेन्सर मात्र जवळपास स्थिर असणेच योग्य. दोघांची गल्लत करू नये. काही नव्या मोटारींत पुढे ‘वाईडबँड’ सेन्सर असतो. त्याला हे आकडे लागू नाहीत.

२५/
दोष सिद्ध झाल्यावर बदलण्याचे काम फार अवघड नाही. मात्र घाईचेही नाही. धुराडे भाजण्याइतके गरम नसावे, पण किंचित कोमट असावे. आट्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून वाट पाहावी. तारेसाठी खाच असलेला २२ मिलिमीटरचा पाना लागतो. नवा सेन्सर त्याच मोटारीच्या क्रमांकाचा असावा. तो जमिनीवर पडू देऊ नये. आतली टोपी ठिसूळ असते. आट्यांना गंजरोधक लेप आधीच नसेल तर लावावा, पण टोकाला त्याचा स्पर्श नको. पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच घट्ट करावा. तार गरम नळीपासून दूर बांधावी. मगच जुने क्रमांक पुसावेत आणि गाडी चालवून आकडे पुन्हा पाहावेत.

२६/
आणि शेवटचा प्रश्न विसरू नये : जुना साक्षीदार मेला कशाने? टोकावर काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त. पांढरी भुकटी असेल, तर सिलिकॉन किंवा कुलंट धुरात जात असावे. चुकीचा सिलिकॉन सीलंटही सेन्सरचे विष आहे. तपकिरी थर असेल, तर इंजिन ऑईल जळत असावे. कारण तसेच राहिले, तर नवा सेन्सरही त्याच रोगाने जाईल. विष म्हणून शिशाची जागा आता यांनी घेतली आहे.

२७/
या साक्षीदारावर आता नवे कामही आले आहे. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने येऊ लागले. शुद्ध इथेनॉलला जळण्यासाठी एका किलोमागे सुमारे ९ किलोच हवा लागते. म्हणून मिश्र इंधनाचे आदर्श प्रमाण १४.७ च्या खाली येते. जुन्या मोटारीला हे कोणी कळवलेले नसते. सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन पाहतो आणि संगणक पेट्रोल थोडे वाढवतो. त्यामुळे फ्युएल ट्रिम काही टक्के वर दिसला, तर तो नेहमी बिघाडच असतो असे नाही. आकड्याचा अर्थ त्याच्या काळाच्या संदर्भातच लावायचा असतो.

२८/
येथपर्यंत प्रश्न तंत्राचा होता. पुढे तो हक्काचा होतो. साक्ष तपासण्याची साधने कोणाला मिळावीत? २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगापुढे तक्रार आली, की मोटार कंपन्या सुटे भाग, निदानाची उपकरणे आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना दोषी ठरवून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला आणि भाग व साधने खुली करण्याचा आदेश दिला. त्यावर अपिले झाली. तरीही मुद्दा कायम राहिला : ज्याला कागदपत्रे पाहू दिली जात नाहीत, त्याला इतिहास लिहिता येत नाही, आणि ज्याला माहिती दिली जात नाही, तो मिस्त्री अंदाजाने भाग बदलत राहतो.

२९/
त्या अंदाजाची किंमत मोठ्या शहरापेक्षा लहान गावाला जास्त पडते. अधिकृत केंद्र दूर असते, सुटा भाग मागवायला दिवस लागतात आणि चुकीच्या निदानाचे काही हजार रुपये कुटुंबाच्या महिन्याच्या हिशेबातून जातात. म्हणून कान विरुद्ध संगणक असा झगडा मांडणे व्यर्थ आहे. कानाला कार्बन मोनॉक्साईड ऐकू येत नव्हता. स्कॅनरला भेगेभोवतीचा डाग दिसत नाही. दोघांची साक्ष समोरासमोर ठेवणारा मिस्त्रीच खरे निदान करतो.

३०/
या इतिहासाचा एक भाग मात्र झपाट्याने पुसला जात आहे. न्यायालयांचे आदेश, समित्यांचे अहवाल, मानकांच्या तारखा अभिलेखागारांत राहतील. पण आवाजावरून स्क्रू थांबवणाऱ्या, प्लगचा रंग वाचणाऱ्या पिढीने मागे कागद ठेवलेला नाही. पुसद, वणी, उमरखेड, पांढरकवडा, कोणत्याही गावात साठी ओलांडलेला एखादा मिस्त्री असेलच. त्याच्याजवळ बसून विचारावे : स्कॅनर नव्हता, तेव्हा काका, तुम्हाला कसे कळायचे? उत्तर मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे. नाव, गाव, तारीख लिहून ठेवावी. शकुंतलेच्या फायरमनला हा प्रश्न विचारायची वेळ जवळपास निघून गेली आहे. यांना विचारण्याची अजून आहे.

धागा समाप्त.